सेनापतींची खोड

भीष्म मोठा की द्रोण, कर्णाला पहिल्याच दिवशी सेनापती केले असते तर काय झाले असते, अभिमन्यूच्या पाठोपाठ चौघे भाऊ आत का शिरू शकले नाहीत, हे वाद मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. ते मिटलेले नाहीत आणि मिटावेत अशी कुणाची इच्छाही दिसत नाही. १९६७ साली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली आणि कर्णाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आवाज चढला. त्याच वर्षी इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ आले आणि भीष्माकडे हात जोडून पाहणारे थोडे गप्प झाले. पण या सगळ्या बोलण्यात एक प्रश्न फारसा निघत नाही. कोण मोठा योद्धा, कोण मोठा माणूस, कोणावर अन्याय झाला, यावर रात्री जागवल्या जातात. यांपैकी सैन्य चांगले कोणी चालवले, हे विचारायचे राहून जाते. धनुष्य चालवणे आणि सैन्य चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि एकात पारंगत असलेला माणूस दुसऱ्यात कच्चा असू शकतो, हे व्यासांना ठाऊक होते. त्यांच्या वाचकांना ते अधूनमधून सांगावे लागते. हे पुस्तक त्यासाठी आहे.

पाचगणीत बसून हे लिहिण्याला कारण आहे. सिडनी पॉइंटवरून खाली पाहिले की कृष्णेचे खोरे, धोम धरणाचे पाणी, त्यापलीकडे वाई आणि तिच्या डोक्यावर पांडवगड दिसतो. वाई म्हणजे विराटनगरी, पांडवांनी अज्ञातवासाचे वर्ष इथेच काढले, कीचकही इथेच मेला, असे वाईकर सांगतात. अभ्यासकांचा मत्स्यदेश राजस्थानात बैराटच्या बाजूला आहे, कर्नाटकातल्या हनगळचाही विराटनगरीवर दावा आहे, पण वाईकरांशी या विषयावर वाद घालू नये. टेबल लँडच्या पोटातल्या गुहेत पांडवांची चूल होती असेही सांगतात; साहेबाने तिचे ‘डेव्हिल्स किचन’ केले. मागे वळून महाबळेश्वरची वाट धरली तर ती पुढे पार आणि प्रतापगडाकडे उतरते. आणि वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. नाना पानिपतावरून जिवंत परतलेल्यांपैकी एक. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते आणि त्या पळापळीची हकिगत त्यांनी स्वतःच्या आत्मवृत्तात लिहून ठेवली आहे. दंतकथेतले एक युद्ध, जिंकलेले एक आणि हरलेले एक, तिन्हींच्या खुणा एवढ्याशा टापूत आहेत. सेनापतींना तोलायचे तर तागडी आणायला लांब जावे लागत नाही.

आधी आकड्यांचा निकाल लावून टाकू, कारण वादाची पहिली गाडी तिथेच रुतते. कौरवांची अकरा अक्षौहिणी, पांडवांची सात. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडेस्वार आणि १,०९,३५० पायदळ. टेबल लँडचे पठार शंभरएक एकरांचे आहे. त्यावर एका अक्षौहिणीचे नुसते रथ आणून उभे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेअठरा चौरस मीटर जागा येते. चार घोड्यांचा रथ तेवढ्यात उभा राहील, वळणार नाही. हत्ती, स्वार, पायदळ सगळे कड्याखाली. अठरा अक्षौहिणींचे घोडे मोजले, रथाचे आणि स्वारांचे मिळून, तर साडेसत्तावीस लाख होतात. घोड्याला दिवसाला आठ किलो वैरण धरली तरी बावीस हजार टन वैरण रोज लागते. दहा टनी ट्रक म्हटले तर रोज बावीसशे. हत्तींचा हिशेब मी केलेला नाही. तेव्हा हे आकडे कवीचे आहेत, कोठीवाल्याचे नाहीत, हे मान्य करून पुढे गेलेले बरे.

पण अकराला सात हे प्रमाण मात्र कामाचे आहे. ते व्यास विसरत नाहीत, आणि त्यांची पात्रेही विसरत नाहीत. पहिल्या दिवशी समोरचा पसारा पाहून युधिष्ठिर अर्जुनाला बृहस्पतीचा जुना दंडक सांगतो: थोडे असाल तर एकवटून लढा, पुष्कळ असाल तर हवे तसे पसरा. आपण थोडे आहोत, तर रचना कोणती करायची? अर्जुन वज्रव्यूह मांडतो, पुढे टोक आणि टोकाशी भीम. या एका संवादावरून कळते की लिहिणाऱ्याला सैन्य म्हणजे काय ते माहीत आहे. उद्योगपर्वात हिरण्वतीच्या काठी पांडवांचा तळ पडतो तेव्हाही तेच. खंदक खणला जातो, वैद्य आणि कारागीर नेमले जातात, धनुष्याच्या दोऱ्या, धान्य, चारा यांच्या राशी लागतात. नुसत्या अस्त्रांच्या चमत्काराची गोष्ट सांगायची असती तर चाऱ्याची आठवण कशाला झाली असती?

हा वाद आपलाच आहे असेही नाही. पाचगणीच्या वसतिगृहांतली मुले ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या लढायांवर भांडतात, आणि चांगले भांडतात. २०१९ मध्ये त्या मालिकेतली मृतांच्या फौजेशी होणारी रात्रीची लढाई दाखवली गेली, तेव्हा जगभरच्या प्रेक्षकांनी डोक्याला हात लावला. समोर काय आहे ते दिसत नसताना सगळे घोडदळ आधी अंधारात सोडून दिले, दगडफेकीची यंत्रे खंदकाच्या आत ठेवायची ती बाहेर मांडली. सिंहासन, ड्रॅगन, मेलेली माणसे उठून चालणे, यातले काहीच प्रेक्षकांना खटकले नाही. घोडदळाची नासाडी खटकली. अद्भुतकथेचा वाचक चमत्कार पचवतो, अडाणी सेनापती पचवत नाही. याच गोष्टीच्या मूळ कादंबरीत रॉब स्टार्क हा पोरसवदा राजा जेमी लॅनिस्टरला पकडतो. जेमी उतावळा आहे, डिवचले की स्वतः पुढे धावून येतो, एवढे ओळखून त्याला रानात ओढले जाते. पुढे रॉब एकही लढाई न हरता युद्ध हरतो आणि एका लग्नाच्या पंगतीत मारला जातो. लेखकाला सेनापती कळतात, हे त्या दोन प्रसंगांवरून मी मान्य करतो. टॉल्किन तर स्वतः १९१६ मध्ये सोमच्या खंदकांत होते.

जेमीच्या उतावळेपणापाशी थोडे थांबू, कारण मला जे म्हणायचे आहे ते तिथे आहे. सेनापतीचे कसब कशात असते, याची यादी मोठी करता येईल. रसद, हेर, जागेची निवड, राखीव फौज, शिस्त. पण माझ्या मते बाकी सगळे एका गोष्टीभोवती फिरते: समोरच्याची खोड ओळखणे, आणि आपली खोड त्याच्या हाती लागू न देणे. माणूस ज्या रीतीने तीनदा जिंकला त्याच रीतीने चौथ्यांदा वागतो. ज्याला हे समोरच्याबद्दल कळते आणि स्वतःबद्दलही कळते, तो सेनापती. या कसोटीवर घासले की कुरुक्षेत्रावरच्या नावांची उतरंड बरीच बदलते.

आधी प्रतापगड, कारण तिथे अस्त्रे नाहीत. अफजलखानाला आपल्या शाळेच्या पुस्तकांनी आडदांड आणि मूर्ख करून टाकले आहे. तो मूर्ख नव्हता. वाईची सुभेदारी त्याने केली होती, म्हणजे जावळीचे रान, पारचा घाट, कोयनेचे खोरे त्याला नवे नव्हते. कर्नाटकच्या मोहिमांत त्याचे नाव झाले होते. शिऱ्याच्या कस्तुरीरंगाला भेटीस बोलावून त्याने संपवले असे सांगतात. गोष्ट खरी असो नसो, त्याच्याबद्दल ती सांगितली जात होती आणि ती शिवाजी महाराजांच्या कानावर होती, हे महत्त्वाचे. १६५९ च्या पावसाळ्यात खान वाईला तळ देऊन बसला. तो येताना त्याने मावळच्या देशमुखांना फोडायचा उद्योगही सुरू केला होता. कान्होजी जेध्यांना १६ जून १६५९ चे आदिलशाही फर्मान गेले: खानाला येऊन मिळा. खंडोजी खोपडा गेला. कान्होजी पाच मुलांना घेऊन महाराजांकडे आले. खानाची मांडणी बरोबर होती. सपाटीवर त्याच्या घोडदळासमोर महाराजांचा टिकाव लागणे कठीण होते, आणि मुलूख फुटला असता तर लढाईची गरजही पडली नसती.

महाराजांनी सपाटीवर उतरायचे नाकारले. ते जावळीत, १६५६ नंतर बांधलेल्या प्रतापगडावर जाऊन बसले आणि घाबरल्याचे सोंग वठवले. पंताजी गोपीनाथ आणि कृष्णाजी भास्कर यांच्या येरझाऱ्या झाल्या. खानापुढे प्रश्न असा: ज्याला धरायचे तो भेटीला तयार आहे, फक्त जागा त्याची आहे. भेटीत माणूस गाठणे ही खानाची जिंकण्याची रीत. ती रीत त्याच्यापुढे आमिष म्हणून टांगली गेली आणि तो रडतोंडीचा घाट उतरून पारच्या रानात आला, जिथे त्याचे घोडे, उंट आणि हत्ती सगळे ओझे झाले. १० नोव्हेंबर १६५९ ला शामियान्यात जे घडले ते पोवाड्यांचे धन आहे. अज्ञानदासापासून आजच्या शाहिरापर्यंत प्रत्येकाने तिथे डफ वाजवला. वाघनखे, बिचवा, सय्यद बंडा, जिवा महाला. माझे लक्ष मात्र तोफेच्या आवाजाकडे जाते. तोफ झाली तेव्हा मोरोपंतांचे पायदळ आणि नेताजींचे घोडदळ आपापल्या जागी तयार होते. भेट फसली असती, महाराजांना काही झाले असते, तरी खानाची फौज त्या रानातून सुखरूप बाहेर पडणे अवघड होते. एका माणसाच्या हाताच्या झटक्यावर सगळे अवलंबून न ठेवणे, याला मी सेनापतीपण म्हणतो. पाडाव झालेल्या मालाची यादी सभासदाने दिली आहे, ६५ हत्ती, ४००० घोडे, १२०० उंट वगैरे. बखरीतले आकडे म्हणून जेवढे घ्यायचे तेवढे घ्यावेत. तारखा मात्र पक्क्या आहेत. २८ नोव्हेंबरला पन्हाळा घेतला. लढाईनंतर अवघ्या अठरा दिवसांत फौज कोल्हापुरापर्यंत पोचली होती. जिंकल्यावर बसायचे नसते, हे ज्याला कळते अशी माणसे इतिहासात थोडी आणि महाकाव्यांत त्याहून थोडी.

आता कुरुक्षेत्र.

भीष्म दहा दिवस सेनापती होते. रोज दहा हजार मारीन म्हणाले आणि मारले. पण सेनापती म्हणून त्यांनी पहिल्या बाणाच्या आधी दोन गोष्टी केल्या. पांडवांना मारणार नाही असे जाहीर केले, आणि रथी-अतिरथींची गणना करताना कर्णाला अर्धरथी ठरवले, म्हणून कर्ण दहा दिवस तंबूत बसला. अकरा अक्षौहिणींचा पहिला सेनापती युद्धाचे साध्यच आधी वगळून टाकतो आणि आपला सर्वांत धारदार माणूस घरी बसवतो, तर त्याच्या वैयक्तिक पराक्रमाला काय करायचे? त्यांच्या बाजूने एवढेच म्हणता येते, आणि या पुस्तकातील एका लेखात ते जोरात म्हटले आहे, की हुकूम न मानणारा कर्ण रणात असण्यापेक्षा नसलेला बरा. मला ते पटत नाही, पण युक्तिवाद लंगडा नाही. शेवटी नवव्या रात्री पांडव भेटीला आले आणि आपल्याला कसे पाडायचे ते भीष्मांनीच सांगितले. ज्याची खोड शत्रूला हेराकडून काढून घ्यावीही लागत नाही, असा सेनापती.

द्रोणांचे तसे नाही. कारागीर म्हणून ते या युद्धात पहिले. दुर्योधनाने त्यांच्याकडे मागितले ते युधिष्ठिराला जिवंत धरून देणे. पुन्हा द्यूत, पुन्हा वनवास. मागणी हलकट आहे, पण लष्करीदृष्ट्या अचूक आहे: एक माणूस धरा, युद्ध संपते. अर्जुन जवळ असेपर्यंत ते होणार नाही, हे द्रोण स्पष्ट सांगतात. मग अर्जुनाला दूर न्यायची व्यवस्था होते. सुशर्मा आणि संशप्तक त्याला आव्हान देतात. आव्हान आले की अर्जुन जातो, ही अर्जुनाची खोड. बाराव्या दिवशी गेला, तेराव्या दिवशी गेला, आणि तेराव्या दिवशी चक्रव्यूहाच्या तोंडाशी भेदायची विद्या असलेला एकच सोळा वर्षांचा मुलगा उरला. सुशर्म्याचा हा डाव पहिला नाही. विराटाच्या गाई वळवायच्या वेळीही तोच आधी एका बाजूने चढून आला, विराटाची सगळी फौज त्याच्यामागे ओढली गेली आणि दुसऱ्या दिवशी कौरव मोकळ्या नगरावर दुसऱ्या बाजूने आले. वाईकरांचे ऐकायचे तर ही घटना आपल्या पायथ्याशीच घडली. डाव उत्तम होता. तो एका रथाने का मोडला, यावर महाभारत अर्जुनाच्या पराक्रमाखेरीज उत्तर देत नाही, आणि तिथे आपण चमत्कार पचवतो.

पण चौदावा दिवस पाहावा. संध्याकाळपर्यंत जयद्रथाला मारीन नाहीतर अग्निप्रवेश करीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा. म्हणजे आता वेळ कौरवांच्या बाजूची. द्रोण बारा गव्यूती लांबीची रचना उभी करतात, पुढे शकट, पोटात पद्म, त्याच्या आत सूची, आणि जयद्रथ सगळ्यांत मागे. स्वतः तोंडाशी. अर्जुन येतो, थोडी झटापट होते, आणि कृष्ण सांगतो की इथे वेळ घालवू नकोस. अर्जुन गुरूला वळसा घालून पुढे निघतो. शत्रूला जिंकल्याशिवाय जातोस? असे द्रोण विचारतात. तुम्ही गुरू, शत्रू नव्हे, असे उत्तर मिळते. उत्तर गोड आहे, कृती निर्दय आहे. जो भक्कम आहे त्याच्याशी लढू नका, तो जिथे नाही तिथे जा. द्रोण पाठलाग करत नाहीत, कारण समोर युधिष्ठिर आहे आणि त्याला धरायचे त्यांच्या डोक्यातून जात नाही. एका दिवशी दोन कामे अंगावर घेतली, जयद्रथ राखायचा आणि युधिष्ठिर धरायचा, आणि दोन्ही हातची गेली. दुर्योधन त्यांना दोष देतो तेव्हा त्याचा राग समजतो, पण साध्याचा गोंधळ मुळात त्याचाच.

याच दिवसातला एक बारीक तपशील मला फार आवडतो. शत्रूच्या फौजेच्या ऐन मध्यावर घोडे थकतात. कृष्ण रथ सोडतो, घोड्यांच्या अंगातले बाण काढतो, त्यांना पाणी पाजतो, लोळू देतो. अर्जुन खाली उतरून उभ्याने लढत राहतो. पाणी बाणाने काढले हा चमत्कार; घोडे दुपारी थकतात हे सत्य. आणि सूर्य झाकल्याची प्रसिद्ध युक्ती? भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत ती नाही. ती वगळून वाचले की चौदावा दिवस जादूचा राहत नाही. वेळेशी झुंजत, तीन थर फोडत केलेली एक चढाई उरते, आणि ती जास्त थरारक आहे.

कर्णाबद्दल लिहिताना महाराष्ट्रात जरा जपून लिहावे लागते. तरी लिहितो. अर्जुनासाठी राखलेली शक्ती त्याने रात्रीच्या युद्धात घटोत्कचावर घालवली, याचा दोष मी त्याला देत नाही. फौज मोडत होती आणि सगळे ओरडत होते. कृष्णाने घटोत्कचाला नेमके त्याच्यावर घातले होते. दोष सतराव्या दिवसाचा आहे. त्या दिवशी युधिष्ठिर कर्णाच्या हाती लागला. ज्याच्यासाठी द्रोणांनी पाच दिवस फौज झिजवली तो माणूस हाताच्या अंतरावर, रथहीन, हतबल. कुंतीला दिलेला शब्द आठवून कर्णाने त्याला टोमणे मारून सोडून दिले. माणूस म्हणून कर्ण त्या क्षणी आभाळाएवढा होतो. सेनापती म्हणून त्याने त्या क्षणी युद्ध हरवले, आणि त्याच्यावर विसंबलेल्या हजारो नाव नसलेल्या पायदळाला न विचारता हरवले. आपला सेनापती आधीच शत्रूच्या आईला वचन देऊन बसला आहे, हे ज्या राजाला माहीतच नाही, त्याची कीव करावी तेवढी थोडी.

शल्य अर्धा दिवस सेनापती होता. त्याच्यावर लेख नाही.

अश्वत्थाम्याचा छापा मात्र वादाचा मोठा विषय आहे. वडावर झोपलेल्या कावळ्यांवर घुबड पडते ते पाहून त्याला कल्पना सुचते. कृप आणि कृतवर्मा दारावर, स्वतः आत. तिघांनी एका रात्रीत उरलीसुरली फौज कापली. काही जण याला गनिमी कावा म्हणतात आणि ५ एप्रिल १६६३ च्या लाल महालाचा दाखला देतात. दोन्ही रात्री, दोन्ही झोपलेल्या तळावर, दोन्ही मूठभर माणसांनी. फरक परिणामात आहे. लाल महालानंतर शाहिस्तेखानाची बंगालला रवानगी झाली, दख्खनचा रंग बदलला. अश्वत्थाम्याच्या रात्रीनंतर काहीच बदलायचे उरले नव्हते. दुर्योधन मांडी फुटून पडला होता, राज्य घ्यायला कोणी नव्हते. त्या रात्रीचे कसब पूर्ण, प्रयोजन शून्य.

आणि या रात्रीच्या पहिल्या बळीचे नाव धृष्टद्युम्न. माझे मत विचाराल तर कुरुक्षेत्रावरचा सर्वांत दुर्लक्षित सेनापती हाच. त्याची निवडच पाहा. युधिष्ठिराने भावांना विचारले. सहदेवाने विराट सुचवला, नकुलाने द्रुपद, भीमाने शिखंडी, अर्जुनाने धृष्टद्युम्न, आणि कृष्णाने त्यावर शिक्का मारला. समोरच्या बाजूने अठरा दिवसांत चार सेनापती संपले. हा अठराही दिवस उभा राहिला. सात अक्षौहिणींना सात नायक, त्यांतला द्रुपद त्याचा बाप, विराट बापाच्या वयाचा, भीम कुणाचे न ऐकणारा, तरी फूट पडली नाही. रोजची रचना बहुधा अर्जुन किंवा युधिष्ठिर सुचवत, मोठ्या खेळी कृष्णाच्या. मग याने केले काय, असे विचारणारे आहेत. त्याने ते सगळे घडू दिले. ज्याला स्वतःच्या कीर्तीची घाई नाही असा सरलष्कर मिळणे किती कठीण, हे पानिपताच्या तयारीचे कागद वाचणाऱ्याला सांगायला नको. द्रोणांचे मस्तक ध्यानस्थ असताना कापले, हा त्याचा काळा डाग. तो पुसायला मी बसलेलो नाही. आणि एक चूक शिपाईगिरीची. जिंकल्याच्या रात्री तळावर धड पहारा नव्हता. पांडव आणि सात्यकी कृष्णाच्या सांगण्यावरून तळाबाहेर ओघवतीच्या काठी होते म्हणून वाचले. अठरा दिवस ज्याची खोड कुणाला सापडली नाही, त्याची विजयानंतर सापडली.

पानिपताचा उल्लेख आलाच आहे तर दोन वाक्ये. सदाशिवरावभाऊंवरचा वाद आपल्याकडे बखरींपासून त्र्यं. शं. शेजवलकरांपर्यंत आणि पुढे विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’पर्यंत चालत आला आहे, आणि तो बहुधा १४ जानेवारी १७६१ या एका दिवसाभोवती फिरतो: गोल का मोडला, विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरून का उतरले. माझ्या दृष्टीने खरा प्रश्न ऑक्टोबर १७६० चा आहे. भाऊ कुंजपुरा घेण्यात गुंतले असताना अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट तोडली. नदी भरलेली असताना कोणी उतरत नाही, या समजुतीवर सगळी मोहीम उभी होती.

वाचकाला एक सावधगिरी सांगतो. महाभारतातले सगळे युद्ध आपण संजयाच्या तोंडून ऐकतो, आणि संजय धृतराष्ट्रापुढे बोलतो तो बहुतेकदा सेनापती पडल्याची बातमी आधी देऊन. म्हणजे शेवट माहीत असलेल्या माणसाने हरलेल्या बापाला सांगितलेली ही हकिगत आहे. संजयाला सगळे दिसत होते, रणावरच्या कुणालाच नाही. धुळीत अर्जुनाचा ध्वज दिसेनासा झाला की युधिष्ठिराला तो जिवंत आहे की नाही हेही कळत नव्हते. तेव्हा या पुस्तकात आम्ही एकच नियम पाळला: सेनापतीला त्या क्षणी जे ठाऊक असू शकत होते, तेवढ्यावरच त्याला तोलायचे.

हा नियम पाळूनही आमचे एका निर्णयावर एकमत झाले नाही. चौदाव्या दिवशी दुपारनंतर अर्जुनाची खबर नाही, पांचजन्याचा आवाज येतो पण गांडीवाचा येत नाही, आणि युधिष्ठिर आपल्या रक्षणासाठी ठेवलेल्या सात्यकीला त्याच्या शोधात पाठवतो. सात्यकी नको म्हणतो. तुम्हाला सांभाळायला अर्जुनाने ठेवले आहे, द्रोण समोर आहेत. युधिष्ठिर ऐकत नाही. थोड्या वेळाने तो भीमालाही पाठवतो. उरतो धृष्टद्युम्न, एकटा, द्रोण आणि युधिष्ठिर यांच्यामध्ये. माझ्या मते अठरा दिवसांतला हा सर्वांत धाडसी आणि बरोबर हुकूम होता: राखीव फौज जिथे निकाल लागतो तिथेच टाकली. कर्णावर लिहिणारे आमचे सहकारी याला घाबरलेल्या भावाचा वेडेपणा म्हणतात, आणि द्रोण त्या दुपारी तरुण असते तर युद्ध तिथेच संपले असते असे दाखवून देतात. दोन्ही लेख शेजारी शेजारी छापले आहेत. वाचताना द्रोणपर्व उघडे ठेवावे.